स्मरणशक्तीची कॅप्सूल घेण्याआधी

आई चष्मा कुठे ठेवला ते विसरते. वडील तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. मग कोणीतरी ‘जिंको बिलोबा’ची कॅप्सूल सुचवतो. कमाई बेताची असली तरी आईवडिलांसाठी पैसे काढले जातात. पण त्या कॅप्सूलने विसरणे थांबते का?

जिंको हे मूळचे चीनमधले झाड. त्याच्या पानांच्या अर्काची अमेरिकेत मोठी चाचणी झाली. 75 वर्षे व त्यापुढील 3,069 जणांपैकी सुमारे निम्म्यांना रोज दोनदा 120 मिलिग्रॅम अर्क दिला, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. सुमारे सहा वर्षे लक्ष ठेवले. 2008 मध्ये निष्कर्ष आला : जिंकोमुळे स्मृतिभ्रंश टळला नाही. उलट, रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर जिंकोने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो.

मग करायचे काय? डॉक्टरांना दाखवा आणि बी-12 जीवनसत्त्वाच्या रक्ततपासणीबद्दल विचारा. बी-12 कमी पडले की विसर पडतो, थकवा येतो, हातापायांना मुंग्या येतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन अनेक वर्षे घेणाऱ्यांनी तर विचारावेच. ही कमतरता गोळ्यांनी किंवा इंजेक्शनने भरून निघते. उशीर झाला तर मात्र नसांची हानी कायम राहू शकते. अंडी, दूध, मासे, मटण यांतूनही बी-12 मिळते. थायरॉईड, साखर, रक्तदाबही तपासून घ्या.

‘वय झाले, चालायचेच’ म्हणून सोडून देऊ नका. कॅप्सूलचे पैसे आधी तपासणीला लावा.