मुंबईच्या क्षेपणास्त्र नौका
सुमारे २०० टनांची, ४० मीटरांहून कमी लांबीची ‘ओसा’ वर्गाची सोव्हिएत नौका मुळात किनाऱ्यालगतच्या बचावासाठी घडवलेली होती; तिच्यावरील चार ‘स्टिक्स’ क्षेपणास्त्रे, म्हणजे स्वतःच्या रडारने लक्ष्य हेरणारी अस्त्रे, सुमारे ४० किलोमीटरवरचे जहाज बुडवू शकत, परंतु इंधनसाठा तुटपुंजा असल्याने तिचा संचार मर्यादित होता. ही मर्यादा ओलांडून तिला आक्रमणासाठी वापरण्याची कल्पकता भारतीय नौदलाने दाखवली आणि या कल्पकतेचे मोल बोटींच्या वेगापेक्षाही अधिक मानावे लागते. भारत-पाकिस्तान युद्धात, ४ डिसेंबर १९७१च्या रात्री, कमांडर बब्रुभान यादव यांच्या नेतृत्वाखाली निपात, निर्घात आणि वीर या तीन ओसा नौका किल्तान व कच्छल या मोठ्या युद्धनौकांच्या सोबतीने कराचीपर्यंत गेल्या, तेव्हा पाकिस्तानची विनाशिका खैबर आणि सुरुंग काढणारी नौका मुहाफिज बुडाली. त्यानंतर चारच दिवसांनी, ८ डिसेंबरच्या रात्री, एकट्या विनाश नौकेने चारही क्षेपणास्त्रे डागली आणि कराचीच्या तेलटाक्या पेटल्या. ४ डिसेंबर हा नौदल दिन त्या पहिल्या हल्ल्याच्या स्मरणार्थ पाळला जातो. पुढे, १९९०च्या दशकात, मोठ्या आकाराच्या वीर वर्गाच्या नौका मुंबईच्या माझगाव गोदीत आणि गोवा शिपयार्डमध्येही बांधल्या गेल्या.