पिलू घरी आणले, पुढे काय?

हिवाळा लागला की पांढुर्णा-सौंसरकडे गल्लोगल्ली कुत्र्यांची पिले दिसू लागतात. कुणी संत्र्याच्या बागेच्या राखणीसाठी एखादे उचलून नेतो, तर कुठे मुलांच्या हट्टापायी ते घरात येते. लगेच नाव ठेवले जाते. लस मात्र 'मोठे झाल्यावर पाहू' म्हणून राहून जाते. खरा धोका ह्या मोठे होण्याच्या काळातच असतो.

जन्मताच आईच्या चिकातून पिलाला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. ती काही आठवडे त्याचे रक्षण करतात; पण तीच लशीलाही निष्प्रभ करतात. ती केव्हा ओसरतील, हे प्रत्येक पिलाचे निराळे. म्हणूनच एका टोचणीने भागत नाही. पार्व्हो, डिस्टेंपर आदी रोगांवरील पहिली लस ६ ते ८ आठवड्यांच्या वयात द्यावी आणि पुढे १६ आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी ती पुन्हा टोचावी. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचे झाल्यावर, व वर्षाने पुन्हा. तारखा कार्डावर लिहून घ्याव्यात. आम्हा वाणिज्यवाल्यांच्या भाषेत, हप्ता चुकला की विमा बुडाला!

१९७८ च्या सुमारास जगभर पसरलेल्या पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. उलट्या व रक्ताची हगवण लागून आमच्या आळीतले एक गुबगुबीत पिलू दोन दिवसांत गेलेले मी पाहिले आहे. तेव्हा शेवटच्या टोचणीनंतर दोन आठवडे होईपर्यंत पिलाला रस्त्यावर, उकिरड्यावर वा बाजारात खाली सोडू नये. मात्र कोंडूनही ठेवू नये. कडेवर घेऊन फिरवावे, म्हणजे माणसांची व आवाजांची भीती मोडते.

रेबीजची गोष्ट तर आपल्याच जिवाची. लक्षणे दिसू लागल्यावर मृत्यू जवळजवळ अटळ असतो. वडीलधाऱ्यांच्या मनात अजून पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती आहे. पण मेंढीच्या मेंदूपासून बनणारी ती लस भारतात २००४ साली बंद झाली. आता मोजकी इंजेक्शने दंडात देतात. पिलाचा दात वा नख लागले, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. तिखट, चुना, हळद काही लावू नये.

एकट्याचे पिलू टोचून गाव मात्र सुरक्षित होत नाही. गोव्यात सरकार व 'मिशन रेबीज' ह्या संस्थेने मोकाट कुत्र्यांनाही जाळ्यांनी धरून लस टोचली, शाळाशाळांतून मुलांना माहिती दिली; २०२१ साली ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झाले. गोव्याला जे साधले, ते आपल्या आळीपुरते तरी आपणांस का साधू नये? घरच्या पिलाबरोबर दारावरच्या कुत्र्यालाही जनावरांच्या दवाखान्याची वाट दाखवू या.