शाळेचा पट, शाळेचा पैसा आणि आपण पालक

सभासद बंधू-भगिनींनो,

या पानावर मी आपणाशी बेणे, खोडवा आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी बोलत असतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. मागे अचलपूर तालुक्यातील एका गावी गटसभा होती. लागणीच्या नोंदी आटोपल्या, चहा झाला आणि एक वयस्क सभासद म्हणाले, "साहेब, उसाचं झालं. आता शाळेचं सांगा. पंधराच पोट्टे हायेत म्हणून शाळा बंद करतीन म्हणते. नाल्याले पूर आला त लेकरं जातीन कशी?"

लगेच एक तरुण पालक उठले. "काका, चार वर्गाले एकच मास्तर हाय. मोठ्या शाळेत गेले त शिकतीन तरी!"

दोघांचेही म्हणणे खरे होते. मी शिक्षण खात्याचा माणूस नव्हे. परंतु कागद वाचून व विचारपूस करून जे समजले, ते येथे मांडतो.

प्रश्न कोठून आला?

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने जिल्ह्यांकडून 'समूह शाळां'चे प्रस्ताव मागविले. त्या वेळच्या आकड्यांप्रमाणे राज्यात २० पर्यंत पट असलेल्या शाळा १४,७८३, त्यांत विद्यार्थी १,८५,४६७ आणि शिक्षक २९,७०७ होते. म्हणजे सरासरी एका शाळेत बारा-तेरा मुले व दोन शिक्षक. नमुना म्हणून नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ व पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील शाळा दाखविल्या गेल्या. त्याआधी २०१७ साली दहाच्या आत पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचा निर्णय झाला होता. दोन्ही वेळी पालक व शिक्षक यांनी राज्यभर विरोध केला. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची मुले शाळेसाठी बकऱ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर गेली होती, हेही पुष्कळांना आठवत असेल.

येथे एक फरक ध्यानात घ्यावा. समूह शाळेत लहान शाळा मोडून मुले एका ठिकाणी आणतात. 'शाळा संकुल' ही कल्पना निराळी आहे. ती कोठारी आयोगाने (१९६४-६६) मांडली आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पुन्हा आली. त्यात शाळा आपापल्या गावी राहू शकतात. प्रयोगशाळा, ग्रंथालय, खेळाचे वा चित्रकलेचे शिक्षक मात्र सामाईक असतात. सभेत कोणी 'एकत्रीकरण' म्हटले, तर यांपैकी कोणते, हे आधी विचारावे.

पैशाचा हिशेब

शाळेचा मोठा खर्च शिक्षकांच्या पगाराचा. शाळा जोडल्याने बचत होते ती मुख्यतः तेथेच. खडू-फळा व किरकोळ दुरुस्तीचे संयुक्त शाळा अनुदान त्या मानाने लहान आहे. समग्र शिक्षा योजनेच्या मापदंडाप्रमाणे ३० पर्यंत पटाला वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,००० आणि २५० पर्यंत ५०,००० रुपये.

आता उदाहरण घेऊ. तीन गावांच्या शाळांत १५, १८ आणि १२ मुले आहेत. वेगवेगळ्या असताना तिघींना मिळून ३०,००० रुपये मिळतात. एकत्र केल्यास पट ४५ होतो आणि अनुदान २५,०००. त्यावर गाडीचा खर्च येतो, तो वेगळाच. उलट, ४५ मुलांच्या शाळेत दोन शिक्षक एकत्र आले, तर वर्ग वाटून घेता येतात. एक मास्तर ट्रेनिंगला गेला म्हणून शाळेला कुलूप लागत नाही. नुसते टनेज पाहून उतारा समजत नाही, तसा नुसता पट पाहून शाळेचा निकाल लावता येत नाही. दोन्ही बाजू तराजूत टाकाव्या लागतात.

कायदा काय म्हणतो?

१ एप्रिल २०१० पासून शिक्षण हक्क कायदा लागू आहे. राज्याच्या २०११च्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत व सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी. ६० पर्यंत पटाच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हवेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या महिला असतात. शाळेचा विकास आराखडा करणे व अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही तिची कामे. गावोगाव मी विचारतो तेव्हा पुष्कळ पालकांना आपण समितीवर आहोत, हेच ठाऊक नसते!

आपण काय करावे?

१) समितीची बैठक वेळेवर घ्या. अनुदान किती आले, कशावर गेले, हे फळ्यावर लिहून घ्या.

२) ३० सप्टेंबरचा पट महत्त्वाचा. त्याआधी गावातील प्रत्येक मुलाचे नाव दाखल झाले आहे, हे पाहा.

३) ऊसतोड मजुरांची मुले हंगामात आपल्याच शिवारात असतात. ती शिक्षण हमी पत्रक घेऊन आली, तर जवळच्या शाळेत बसू शकतात. सभासदांनी टोळीच्या मुकादमाशी हे आधी बोलावे.

४) एकत्रीकरणाचा प्रस्ताव आल्यास रस्ता पावसाळ्यात स्वतः चालून पाहा. काळ्या मातीचा गाडरस्ता जुलैत कसा होतो, हे कागदावरच्या किलोमीटरांत दिसत नाही. गाडी कोण देणार, किती वर्षे देणार आणि ती बंद पडली तर काय, हे लेखी मागा.

५) गावाचे म्हणणे ग्रामसभेत ठराव करून कळवा. ठरावाने शाळा वाचेलच असे नाही. परंतु ठराव नसेल, तर गाव बोललेच नाही असे धरले जाते.

आपल्याच जिल्ह्यातील शेंडगावच्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन लेकरांना शिकवा म्हणून सांगितले. पापळच्या भाऊसाहेब पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. शाळा हा वऱ्हाडात शेतकऱ्याच्या घरचा विषय आहे.

त्या गटसभेच्या शेवटी काका आणि तो तरुण पालक यांनी मिळून एक गोष्ट ठरविली : दुसरा शिक्षक मागायचा, आणि तो मिळेपर्यंत एकत्रीकरणाला संमती द्यायची नाही. आपल्या गावी कदाचित दुसरे ठरेल. मात्र ते पालकांनी बसून, हिशेब समोर ठेवून ठरवावे, एवढीच विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी