विश्लेषण : नर्सिंगची शिष्यवृत्ती नेमकी कुठे अडकते?

मुलींना मोफत उच्च शिक्षणाचा निर्णय झाल्यानंतर नर्सिंगकडे वळणाऱ्या अनेक कुटुंबांना शुल्काचा प्रश्न सुटल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात पात्र असूनही काहींना पूर्ण शुल्क भरावे लागते. त्याचे कारण अनेकदा उत्पन्न किंवा गुण हे नसते. प्रवेशाची फेरी, बँक खाते किंवा महाविद्यालयातच पडून राहिलेला अर्ज यांपैकी काहीतरी आड येते.

सवलत कोणाला आणि किती?

राज्य शासनाच्या ८ जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक (ईडब्ल्यूएस), सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग (एसईबीसी) आणि इतर मागासवर्गातील (ओबीसी) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्कात १०० टक्के सवलत आहे. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असावे लागते. खुल्या प्रवर्गातील मुलांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून ५० टक्के सवलत मिळते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असून तिची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. त्यापेक्षा अधिक उत्पन्न असल्यास ‘फ्रीशिप’चा पर्याय आहे. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती केवळ पदवीपुरती नाही. जीएनएमसारख्या पदविकेलाही ती लागू होते.

‘मोफत’ या शब्दाचा अर्थ मात्र मर्यादित आहे. खाणावळ, गणवेश, पुस्तके आणि रुग्णालयापर्यंतचा प्रवास हे खर्च शुल्कमाफीत येत नाहीत. वसतिगृहात राहणाऱ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजना आहे. पण तिचा अर्ज स्वतंत्रपणे करावा लागतो.

प्रवेशाच्या फेरीला इतके महत्त्व का?

शुल्क सवलतीसाठी प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे ‘कॅप’मधून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील किंवा संस्था स्तरावरील प्रवेशाला ती मिळत नाही. घराजवळचे महाविद्यालय हवे म्हणून कॅपमध्ये मिळालेली जागा सोडून संस्था स्तरावर प्रवेश घेतला, तर पदवीच्या चारही वर्षांची सवलत जाऊ शकते. महाविद्यालय तेच आणि गुणही तेच असले तरी शुल्काचा भार बदलतो. म्हणून हा प्रश्न अर्ज भरताना नव्हे, जागा स्वीकारण्याआधीच विचारायला हवा.

कोणती कागदपत्रे आधी काढावीत?

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, शिधापत्रिका, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि कॅपचे जागावाटप पत्र ही मुख्य कागदपत्रे. प्रवर्गानुसार जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र लागते. बारावीनंतर वर्ष मोकळे गेले असल्यास खंडाचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. जात वैधतेला वेळ लागतो, त्यामुळे बारावीतच तो अर्ज केलेला बरा.

‘सबमिट’ केल्यानंतर काय होते?

महाडीबीटी पोर्टलवर भरलेला अर्ज थेट शासनाकडे जात नाही. आधी महाविद्यालयातील लिपिक तो तपासतो, मग प्राचार्य पुढे पाठवतात आणि त्यानंतर संबंधित विभाग मंजुरी देतो. दाखला अस्पष्ट असला किंवा माहिती जुळली नाही, तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो. नर्सिंगच्या विद्यार्थिनी अशा वेळी अनेकदा रुग्णालयातील क्लिनिकल पोस्टिंगवर असतात. पोर्टल उघडून पाहिले नाही, तर दुरुस्तीची मुदत निघून जाते. आठवड्यातून एकदा अर्जाची स्थिती पाहणे हाच त्यावर सोपा उपाय.

मंजूर रक्कम खात्यात का येत नाही?

ही रक्कम आधारच्या आधारे जमा होते. खाते आधारशी जोडलेले असणे आणि ते थेट लाभासाठी ‘सीड’ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधार क्रमांक अनेक खात्यांना जोडता येतो. पण राष्ट्रीय देयक महामंडळाच्या (एनपीसीआय) नोंदीत एका वेळी एकच बँक असते. पैसे त्याच बँकेत जातात. शाळेत असताना उघडलेले आणि आता बंद पडलेले खाते तिथे नोंदलेले असेल, तर रक्कम अडकते. कोणती बँक सीड आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर तपासता येते.

अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातील शुल्काची रक्कम महाविद्यालयाला द्यायची असते. ती घरखर्चात गेली, तर थकबाकी विद्यार्थ्याच्याच नावावर राहते.

एकदा मंजुरी मिळाली की पुरे?

नाही. नूतनीकरणाचा अर्ज दरवर्षी करावा लागतो. बी.एस्सी. नर्सिंगची चार वर्षे म्हणजे चार अर्ज. प्रत्येक वेळी अर्जाचा क्रमांक, त्याची छापील प्रत आणि महाविद्यालयाला कागद दिल्याची पोच जपून ठेवावी. पुढे शुल्कावरून वाद झालाच, तर अर्ज वेळेत केला होता हे दाखवायला विद्यार्थिनीच्या हातात तेवढेच कागद असतात.