‘नो मोलेस्तार’ प्लीज!

स्पॅनिश क्लासला जायला लागल्यापासून एक लक्षात आलंय. ‘ओला’, ‘ग्रासियास’ पटकन जमतं. घोळ होतो तो चिडण्याच्या आणि वादाच्या शब्दांत. आणि ऑफिसातले निम्मे मेल त्यावरच तर असतात!

आता ‘मोलेस्तार’ घ्या. इंग्लिशमध्ये ‘मोलेस्ट’ म्हटलं की थेट एचआरकडे तक्रार. स्पॅनिशमध्ये मात्र तो ‘त्रास देणे’ इतकाच साधा शब्द. तिकडे हॉटेलच्या दारावर ‘नो मोलेस्तार’ अशी पाटी लटकते, म्हणजे आपलं ‘डू नॉट डिस्टर्ब’. तेव्हा माद्रिदचा एखादा सहकारी ‘सॉरी टु मोलेस्ट यू’ म्हणाला, तर दचकू नका. ‘एस्तोय मोलेस्तो’ म्हणजे ‘मी वैतागलोय’. पण चुकून ‘सोय मोलेस्तो’ म्हणालात, तर ‘मी वैताग आणणारा माणूस आहे’ अशी कबुलीच! डोक्याला शॉट देणाऱ्याला स्पेनमध्ये ‘पेसादो’ म्हणतात, शब्दशः ‘जड’. मला हा शब्द जाम आवडतो.

‘कॉन्ट्रोव्हर्सी’ला ‘कोन्त्रोवेर्सिया’ चालतं, पण तिथल्या पेपरवाल्यांचा लाडका शब्द ‘पोलेमिका’. खरा बॉम्ब आहे ‘दिस्कुसिओन’. ‘काल तुमच्या टीमशी डिस्कशन झालं’ हे क्लायंटला ‘तुविमोस उना दिस्कुसिओन’ असं लिहिलंत, तर त्याला वाटेल, काल कडाक्याचं भांडण झालं. तिथे सरळ ‘आब्लामोस’ लिहा, म्हणजे ‘आम्ही बोललो’. आणि ‘आर्ग्युमेंट’वरून भांडणाला ‘आर्गुमेन्तो’ म्हणू नका. स्पॅनिशमध्ये तो असतो वादातला मुद्दा, नाहीतर सिनेमाची स्टोरी.