तीनचाकीचा गिअर: मुठीतला की आपोआप पडणारा

तीनचाकी गाडीचा गिअर चालकाने टाकायचा की यंत्रावर सोपवायचा, हा प्रश्न बीड जिल्ह्यात रिक्षा घेणाऱ्यापुढे अगदी अलीकडे उभा राहिला आहे. त्याआधी निवड करायला काही नव्हतेच. रिक्षा बजाजची असो की पियाजिओची ‘अ‍ॅपे’, डाव्या मुठीत क्लच आणि गिअर, उजव्या मुठीत रेस, उजव्या पायाखाली ब्रेक, ही मांडणी ठरलेली होती. बॅटरीवरच्या रिक्षा आल्या आणि डावी मूठ रिकामी झाली.

मुठीतल्या गिअरचे मूळ इटलीत आहे. पियाजिओने १९४८ साली स्कूटरच्या मागच्या बाजूला दोन चाकांची गाडी जोडून ‘अ‍ॅपे’ काढली. तिचा गिअर स्कूटरसारखाच हँडलमध्ये होता. बजाज ऑटोने १९६० च्या सुमारास पियाजिओशी तांत्रिक करार केला आणि ती मांडणी महाराष्ट्रात आली. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला. पुढे पियाजिओने स्वतः बारामतीत ‘अ‍ॅपे’ बनवायला घेतली. बीडच्या रस्त्यांवर एमएच २३ आणि अंबाजोगाईच्या एमएच ४४ पाट्या लावून धावणाऱ्या बहुतेक रिक्षांचे माहेर या दोन गावांपैकी एक असते.

इंजिनाला गिअर लागतो तो त्याच्या एका मूळ दोषामुळे. पेट्रोल, गॅस किंवा डिझेलचे इंजिन उभ्या अवस्थेतून जोर देऊ शकत नाही. मिनिटाला हजारभर फेऱ्यांच्या खाली ते गचके खाऊन बंद पडते. म्हणून सुरुवातीला पहिल्या गिअरमध्ये इंजिन भरभर फिरवून चाक सावकाश फिरवायचे, आणि वेग आला की वरचे गिअर टाकून इंजिनाला उसंत द्यायची. बजाज आरई रिक्षात पुढे जाण्याचे चार गिअर आहेत. रिव्हर्ससाठी वेगळी दांडी असते आणि ती गाडी पूर्ण थांबल्याशिवाय टाकायची नसते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची सांगड घालणारा व सोडणारा क्लच तेलात बुडालेल्या प्लेटांचा असतो.

हँडलपासून गिअरबॉक्सपर्यंत गाडीच्या तळाखालून दोन गिअर वायरी जातात. मूठ फिरवली की एक ताणली जाते आणि दुसरी सैल होते. इंजिन मागे असल्यामुळे या वायरी जवळजवळ गाडीइतक्या लांब असतात, आणि लांब वायर ताणते. मग मुठीवरची खूण न्यूट्रल दाखवते तेव्हा आत पहिला गिअर असतो किंवा दुसऱ्यानंतर तिसरा पडतच नाही. यावर इलाज म्हणजे गिअरबॉक्सजवळचा नट दोन-चार आटे फिरवून ‘गिअर सेटिंग’ करणे. ते काम पाना हाती असलेला कोणताही ड्रायव्हर नाक्यावर करून घेतो. क्लच वायर बहुतेक वेळा दांडीपाशी, टोकाच्या गोळीजवळ तुटते. तेव्हाही जुना ड्रायव्हर अडून बसत नाही. रिक्षा ढकलून दुसऱ्या गिअरवर सुरू करतो, रेस कमी करून इंजिन आणि चाकाचा मेळ जमला की क्लचशिवाय तिसरा टाकतो आणि सीट मुक्कामाला पोचवतो. ही सोय मुठीतल्या गिअरची सर्वात मोठी पुंजी आहे आणि कंपनीच्या माहितीपत्रकात तिचा उल्लेख नसतो.

दुसरी पुंजी म्हणजे गिअर बदलताना हात हँडलवरून सुटत नाही. खड्ड्याखड्ड्यांतून पुढचे एकच चाक सांभाळत जाणाऱ्या गाडीला हे फार मोलाचे. मात्र मूठ पिळताना तिचा थोडा झोक हँडललाही बसतो. दुचाकी वळणावर कलते, तीनचाकी कलत नाही. वळणावर तिचे सगळे वजन बाहेरच्या चाकावर येते. अशा वेळी हँडलला हिसका बसला किंवा गिअर उतरताना मागची चाके एकदम अडखळली, तर रिक्षा आतल्या बाजूने उचलते. म्हणून गिअर वळणाच्या आधी उतरवायचा आणि वळण संपल्यावर चढवायचा, हे नव्या माणसाला पहिल्या दिवशीच सांगितले जाते.

हाताचा गिअर आणि पूर्ण आपोआप चालणारा गिअर यांच्या मधली एक तऱ्हा म्हणजे अर्धस्वयंचलित गिअर. त्यात गिअर चालक निवडतो, क्लच यंत्र सांभाळते. होंडाच्या सुपर कबमध्ये १९५८ पासून अशी सोय आहे. इंजिनाचा वेग वाढला की क्लचमधली वजने बाहेर फेकली जाऊन पकड घेतात आणि वेग उतरला की पकड सुटते. तीनचाकीत याचे सर्वात पुढारलेले रूप कॅनडाच्या ‘कॅन-अ‍ॅम स्पायडर’मध्ये दिसते. २००७ मध्ये आलेल्या या मोटारसायकलला पुढे दोन आणि मागे एक चाक आहे, म्हणजे रिक्षाच्या नेमके उलट. ती आधी क्लच आणि पायाच्या गिअरसह मिळे. नंतरच्या अर्धस्वयंचलित प्रकारात डाव्या अंगठ्याने बटण दाबले की गिअर चढतो आणि बोटाने ओढले की उतरतो. चालक उतरवायला विसरला तर वेग कमी होताच यंत्र स्वतः उतरवते, पण चढवणे त्याच्यावरच सोडते. लांब पल्ल्याच्या हौशी प्रवाशांत या दोहोंवरून वाद रंगतो. सवारी भरून धंदा करणाऱ्याला तो परवडणारा नाही.

भारतात अर्धस्वयंचलित गिअरचे नशीब फारसे उजळले नाही. हीरो होंडाची ‘स्ट्रीट’ आणि २००९ मधली टीव्हीएसची ‘जाइव्ह’ या क्लचच्या दांडीविना आलेल्या दुचाक्या बाजारात टिकल्या नाहीत. इंजिनाच्या रिक्षात तर ती सोय रुजलीच नाही. आपोआप पकडणारा क्लच कमी फेऱ्यांवर घसरतो. सीट भरलेली रिक्षा नेमकी कमी वेगाने, चढावर, पूर्ण ओझ्याने चालते. म्हणजे क्लच सतत घसरत आणि तापत राहणार. घसरणारा क्लच इंधनही खातो. रोजच्या अ‍ॅव्हरेजवर घर चालवणाऱ्या माणसाला डाव्या हाताचे कष्ट वाचण्यापेक्षा लिटरमागे दोन किलोमीटर जास्त मिळणे महत्त्वाचे वाटते, आणि ते बरोबरच आहे.

पूर्ण गिअरलेस गाडी या भागाला नवी नव्हती. शेजारच्या अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात, कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये ‘लुना’ काढली. पुढे कायनेटिक होंडा स्कूटरने पट्ट्यावर चालणारा, स्वतः जुळवून घेणारा गिअर घरोघर नेला. दिव्यांगांच्या तीनचाकीला याच जातीच्या स्कूटरचा आधार मिळाला. मागे दोन्ही बाजूंना जोडचाके लावलेल्या अशा स्कूटरवर एका पायाने अधू असलेली व्यक्ती दुसऱ्याच्या मदतीशिवाय फिरू शकते, कारण गिअरसाठी पाय लागत नाही आणि ब्रेक हातात असतात. येथे निवडीचा प्रश्नच उरत नाही. कायदाही अशा गाडीला ‘अनुकूलित वाहन’ म्हणून वेगळा वर्ग देतो. मोटारसायकलच्या परवान्यात गिअरवाली आणि बिनगिअरची असे दोन प्रकार आहेत. रिक्षाच्या परवान्यात हा भेद नाही. ताशी २५ किलोमीटरच्या मर्यादेतल्या ई-रिक्षासाठी मात्र किमान १० दिवसांचे प्रशिक्षण नियमात सांगितले आहे.

बॅटरीच्या रिक्षाने क्लचची गरजच संपवली. विजेची मोटर उभ्या अवस्थेतूनच पूर्ण जोर देते, त्यामुळे बंद पडण्याची भीती नाही. २०१८ मध्ये आलेल्या महिंद्रा ‘ट्रिओ’त चालकाला पुढे, न्यूट्रल किंवा मागे एवढेच ठरवायचे असते. बीड शहरात बार्शी नाक्यापासून सुभाष रोडपर्यंत दर पन्नास पावलांवर थांबणाऱ्या ड्रायव्हरला याचा अर्थ दिवसअखेर कळतो. गर्दीत हजारदा क्लच दाबून सुजणारे मनगट त्याच्या वाट्याला येत नाही. नव्याने शिकणाऱ्यालाही हे सोपे जाते. राज्य सरकारच्या ‘पिंक ई-रिक्षा’ योजनेने महिलांच्या हाती दिलेल्या गाड्या याच तऱ्हेच्या आहेत. बीडशेजारची अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर ही शहरे त्या योजनेत आहेत.

खरी परीक्षा घाटात होते. जिल्ह्याच्या उत्तरेला गेवराई-माजलगावचा गोदाकाठ सपाट आहे, तर दक्षिणेला बालाघाटची रांग आडवी पसरली आहे. बीडहून मांजरसुंब्याला, तेलगावहून धारूरला किंवा परळीहून अंबाजोगाईला जायचे तर घाट चढावा लागतो. धारूरचा घाट अरुंद आहे. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला की रिक्षाला चढावरच थांबावे लागते. अशा जागी रेस देत क्लच अर्धा सोडायचा आणि मगच ब्रेकवरचा पाय काढायचा असतो. हाफ क्लचवर रिक्षा फार वेळ धरली की प्लेटा जळतात आणि करपल्याचा वास मागच्या सीटपर्यंत येतो. मुरलेला ड्रायव्हर ते दोन सेकंदांत उरकतो. गिअरच्या एकाच प्रमाणावर बांधलेल्या विजेच्या रिक्षात ही कसरत नाही, पण लांब चढावर कमी वेगाने पूर्ण ओझे ओढताना मोटर तापते आणि तिला वाचवण्यासाठी कंट्रोलर जोर कमी करतो. प्रमाण चढाला जुळवावे तर सपाटीला वेग मिळत नाही, आणि सपाटीला जुळवावे तर घाटात दम लागतो. यावर तोडगा म्हणून बजाजने २०२३ च्या आरई ई-टेकमध्ये आणि २०२५ च्या ‘गोगो’मध्ये आपोआप बदलणारे दोन गिअर दिले. मोटरला गिअर लागत नाही असे म्हणत आलेल्या धंद्यात गिअर परतला, फक्त मुठीतून निघून यंत्राच्या ताब्यात गेला.

उतरताना हिशेब उलटा होतो. इंजिनाची रिक्षा दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली की इंजिनच तिला मागे ओढते आणि ब्रेक थंड राहतात. इंधन वाचवायला न्यूट्रलवर सोडणारे हा आधार स्वतःच गमावतात. विजेच्या गाडीत उतारावर मोटर उलटी वीज बनवून बॅटरीत भरते आणि त्या प्रमाणात गाडी रोखली जाते. मात्र बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर ही वीज घ्यायला जागा नसते. अंबाजोगाईत रात्रभर चार्ज करून सकाळी थेट परळीकडे उतरणाऱ्याला पहिल्या उतारावर हा अडथळा कमी मिळतो आणि ब्रेकवर जास्त विसंबावे लागते. अशा गाडीचे चार्जिंग थोडे आधी थांबवणे शहाणपणाचे.

दुरुस्तीत आजही मुठीतला गिअर पुढे आहे. क्लच प्लेट आणि गिअर वायर तालुक्याच्या दुकानात मिळते. कंट्रोलर बिघडला तर कंपनीच्या सेंटरची वाट पाहावी लागते. विजेच्या रिक्षात बिघडण्याजोगे भाग थोडे आहेत, हेही तितकेच खरे.

शहरातल्या शहरात तीन सीट घेऊन फिरायचे असेल आणि घरी चार्जिंगची सोय असेल तर बिनगिअरची रिक्षा घ्यावी. घाट रोजचा असेल आणि तरीही विजेचीच हवी असेल तर दोन गिअरवाली बघावी, आणि विकत घेण्याआधी शोरूमच्या दारात न फिरवता सीट भरून मांजरसुंब्याच्या चढावर चालवून पाहावी. वाडी-वस्तीवर माल आणि माणसे दोन्ही वाहणाऱ्याने, सेंटर दूर असेल तोवर, मुठीतला गिअर सोडू नये.