लाल डोऱ्याच्या आतलं शहर

दिल्लीतल्या मुनिरका गावाची शेतजमीन सरकारने केव्हाच संपादित केली. आसपास आर. के. पुरम वसाहत, जेएनयू विद्यापीठ उभं राहिलं आणि गावाकडे उरलं फक्त गावठाण. तिकडे गावठाणाच्या हद्दीला ‘लाल डोरा’ म्हणतात. ही हद्द १९०८च्या महसुली मोजणीतली. १९६२च्या मास्टर प्लॅनने दिल्लीचे निवासी, व्यापारी, औद्योगिक असे कप्पे पाडले. पुढच्याच वर्षी महापालिकेने लाल डोऱ्यातल्या घरांना नकाशा मंजुरीतून सूट दिली. त्यामुळे जवळ विद्यापीठ आलं तेव्हा गोठ्यांच्या जागी भाड्याच्या खोल्या चढल्या, खाली दुकानं आली. २०१८ मध्ये मेट्रो आली. त्याआधीच, २००७च्या मास्टर प्लॅनने ‘मिश्र वापर’ नावाखाली असल्या सरमिसळीला बऱ्याच ठिकाणी मान्यता दिली होती. नियोजनकार गावाच्या मागून आले, असंच म्हणायचं!

हे बदल इतके सहज होतात याचं कारण बांधकामात आहे. आरसीसी इमारतीत भार पेलतात ते कॉलम आणि बीम. मधली साडेचार इंची भिंत नुसता आडोसा. ती पाडली की दोन खोल्यांचं दुकान होतं. डच वास्तुविशारद जॉन हाब्राकेन यांनी १९६१ मध्ये हेच तत्त्व मांडलं होतं : सांगाडा कायमचा आणि सामायिक, आतली मांडणी राहणाऱ्याच्या मर्जीची.

मुनिरकाने मर्जी घेतली, पण सांगाडा कुणी तपासला? एरवी नुसता आडोसा असलेल्या भिंती आडव्या धक्क्यात इमारतीला आधार देतात. त्यामुळे तळमजल्याच्या भिंती काढल्या की तो मजला वरच्यांपेक्षा कमकुवत होतो आणि भूकंपात सगळी हालचाल तिथेच एकवटते. २६ जानेवारी २००१च्या भूकंपात अहमदाबादेत पार्किंगसाठी खाली मोकळ्या सोडलेल्या कितीतरी इमारती अशाच बसल्या. दिल्लीही भूकंपप्रवणच आहे. सांगाड्यात तपासायचं काय, याचं उदाहरण म्हणून कॉलममधल्या उभ्या सळ्यांना धरून ठेवणारी रिंग घ्या. तिची टोकं काटकोनात सोडली, तर बाहेरचं काँक्रीट फुटताच ती उघडते आणि सळ्या वाकतात. टोकं १३५ अंशांत आत वळवली, तर रिंग टिकते. खर्च जवळपास तोच. पण गिलावा झाल्यावर हे कुणालाच दिसत नाही.

म्हणून तपासनिसाने खोलीत काय चालतं हे विचारू नये. कॉलम, जिना, गटार आणि गल्लीची रुंदी एवढंच धरून बसावं. आपल्या गावठाणांनाही हेच लागू. मुलांना शिकायला दिल्लीला धाडणाऱ्यांनी खोली ठरवताना भाड्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात : तळमजल्याच्या भिंती जागेवर आहेत का आणि गल्लीत अग्निशमनाची गाडी शिरेल का.